ज्यांच्या चित्रांसाठी १९४९ मध्ये पोलीस घरी आले आणि २०२४ मध्ये हायकोर्टात लढाई झाली, त्या एफ. एन. सुझांची गोष्ट

ऑक्टोबर २०२४. मुंबई उच्च न्यायालयानं सात चित्रांबद्दल एक निकाल दिला. त्यातली चार चित्रं होती एफ. एन. सुझा यांची आणि तीन अकबर पदमसी यांची. परदेशात विकत घेऊन भारतात आणलेली ही चित्रं २०२३ मध्ये मुंबईत कस्टम्सनं अडवून ठेवली होती.

कारण काय? तर चित्रातली माणसं नग्न होती.

अश्लील वस्तू देशात आणायला बंदी आहे, १९६४ ची तशी अधिसूचनाच आहे, असं कस्टम्सचं म्हणणं. जुलै २०२४ मध्ये चित्रं जप्त करायचा आदेश निघाला, वर ५० हजारांचा दंड. मालक कोर्टात गेले. उच्च न्यायालयानं आदेश रद्द केला आणि चित्रं सोडायला सांगितलं. चित्रात नग्नता आहे एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, आणि अधिकाऱ्याला स्वतःला काय वाटतं यावर असा निर्णय घेता येत नाही, असा या निकालाचा मथितार्थ.

बातमी आली, एक-दोन दिवस फिरली आणि विरली. पण ज्यांना या दोन चित्रकारांचा इतिहास माहीत होता त्यांना ती वाचून हसू आलं असणार. कारण मुंबईचे पोलीस सुझांच्या दारात पहिल्यांदा पोहोचले होते १९४९ मध्ये आणि पदमसींच्या प्रदर्शनात १९५४ मध्ये. विषय तोच होता, माणसाचं उघडं शरीर.

आज सुझांचं नाव घेतलं की लिलावातले कोट्यवधींचे आकडे सांगितले जातात. पण त्यांनी आयुष्यभर माणसाच्या शरीराचं काय केलं, आणि शेवटी शेवटी तर मासिकांतल्या छापील फोटोंवर केमिकल ओतून त्यातून नवी माणसं कशी काढली, हे फारसं कुणी सांगत नाही. तीच ही गोष्ट.

देवीतून वाचलेला मुलगा

१२ एप्रिल १९२४. गोव्यातल्या बार्देश तालुक्यातलं साळगाव. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. एका कॅथलिक घरात मुलगा जन्मला, नाव ठेवलं न्यूटन.

जन्मानंतर काही महिन्यांतच वडील गेले. ते शिक्षक होते आणि अगदी तरुण होते. पुढच्याच वर्षी मोठी बहीण गेली. मग न्यूटनला देवी आल्या. त्या काळात देवी म्हणजे घरातल्यांनी आशा सोडायचा आजार. आईनं संत फ्रान्सिस झेवियर यांना नवस केला, पोरगा वाचला तर त्याला पाद्री करीन.

पोरगा वाचला. चेहऱ्यावर देवीचे व्रण राहिले आणि नावापुढे संताचं नाव लागलं. न्यूटनचा झाला फ्रान्सिस न्यूटन सुझा.

पाद्री मात्र तो कधीच झाला नाही.

हा नवस लक्षात ठेवा, कारण सुझांच्या चित्रांकडे जायची वाट इथूनच जाते. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव आजही आहे. दर दहा वर्षांनी ते भाविकांच्या दर्शनासाठी खाली आणलं जातं. त्यांच्या उजव्या हाताचा काही भाग १६१४ मध्ये वेगळा करून रोमला नेला गेला आणि तो तिथल्या चर्चमध्ये आहे. म्हणजे ज्या संताच्या नावानं हा मुलगा जगला, त्याचं शरीर गोव्यात आणि हात रोममध्ये.

चर्चमध्ये गेलं की समोर क्रुसावर खिळलेला, रक्ताळलेला, जवळजवळ उघडा येशू. बाजूला बाणांनी अंग विंधलेला संत सेबास्टियन. आपल्याकडं देवळात मूर्ती दागिन्यांनी मढवलेली असते. गोव्यातल्या चर्चमध्ये लहानग्या न्यूटनला दिसलं ते जखमी शरीर, आणि त्याच शरीरापुढे मेणबत्त्या लावणारी माणसं. शरीर म्हणजे वेदना आणि शरीर म्हणजे पवित्र, हे दोन्ही एकाच वेळी त्याच्या डोक्यात बसलं. पुढं त्यांनी रंगवलेले येशू आणि सेबास्टियन पाहिले की हे लगेच कळतं.

दोनदा हकालपट्टी

आई मुलाला घेऊन मुंबईला आली. शिवणकाम आणि भरतकाम करून तिनं घर चालवलं. मुलाला सेंट झेवियर्स शाळेत घातलं. शाळा जेझुइट पाद्र्यांची, त्यामुळं नवस फेडायची सोयही तिथंच होती.

पण इथं एक प्रकार घडला. शाळेच्या मुतारीच्या भिंतीवर अश्लील चित्रं काढल्याच्या ठपक्यावरून त्याला काढून टाकण्यात आलं. सुझा पुढं सांगायचे की चित्रं आधीच कुणीतरी काढलेली होती आणि ती इतकी वाईट होती की त्यांनी फक्त दुरुस्त केली. खरं-खोटं त्या भिंतीलाच माहीत.

१९४० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळाला. तिथं ब्रिटिश अकादमिक पद्धतीचं शिक्षण होतं. समोर मॉडेल बसवायचं, प्रमाण मोजायचं, छाया-प्रकाश अचूक उतरवायचा. मानवी शरीर कसं काढायचं याचे नियम ठरलेले होते. सुझांचा हात तयार होता, पण नियम पाळायची तयारी नव्हती.

बाहेर १९४२ ची चळवळ पेटली होती. सुझा त्यात ओढले गेले आणि १९४५ मध्ये जे. जे. मधूनही त्यांची हकालपट्टी झाली. डिप्लोमा हातात आला नाही.

त्याच रागात ते घरी आले. ब्रश बाजूला ठेवला आणि रंगाच्या ट्यूबा पिळून चक्क पॅलेट नाइफनं कॅनव्हासवर एक निळी बाई रंगवली. ‘द ब्लू लेडी’ हे ते चित्र. त्याच वर्षी मुंबईत त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. बडोदा संग्रहालयाचे संचालक हर्मन गोएट्झ यांनी हे चित्र संग्रहालयासाठी विकत घेतलं. डिप्लोमा नसलेल्या एकवीस वर्षांच्या पोराचं चित्र थेट संग्रहालयात गेलं.

सहा जण आणि त्यातलं विदर्भ कनेक्शन

१९४७ मध्ये सुझांनी पुढाकार घेऊन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. सुरुवातीचे सदस्य सहा. सुझा, एम. एफ. हुसेन, एस. एच. रझा, के. एच. आरा, एच. ए. गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे.

या सहा जणांकडं नीट बघा. हुसेन पंढरपूरचे, सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरायचे. आरा घरगडी म्हणून राबलेले. रझा आजच्या मध्य प्रदेशातल्या जंगलातून आलेले, पण चित्रकला शिकले नागपूरच्या कला विद्यालयात.

आणि हरिभाऊ गाडे तर आपल्या शेजारचेच. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतून पुलगावच्या बाजूनं निघालं आणि वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तिथलं तळेगाव दशासर हे गाव शंकरपटासाठी प्रसिद्ध आहे. गाडेंचा जन्म तिथला, १९१७ चा. भारतीय आधुनिक चित्रकलेची सगळ्यात गाजलेली टोळी मुंबईत जमली खरी, पण तिची मुळं अशी पार आपल्या वऱ्हाडापर्यंत आलेली आहेत.

या पोरांना दोन गोष्टींचा कंटाळा आला होता. एक म्हणजे ब्रिटिशांनी शिकवलेली बेतशुद्ध चित्रं, दुसरी म्हणजे बंगाली शैलीतली हळवी, धूसर, पौराणिक चित्रं. देश स्वतंत्र होत होता, फाळणीत माणसं कापली जात होती. अशा वेळी नाजूक चित्रं काढायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता.

१९४८ मध्ये दिल्लीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. सुझा आणि हुसेन ते बघायला गेले. मथुरेची शिल्पं, मध्ययुगीन मंदिरांवरच्या मूर्ती, दगडातली भरदार उघडी शरीरं त्यांनी जवळून पाहिली. गोव्यातल्या चर्चमध्ये जखमी शरीर बघून वाढलेल्या सुझांना इथं दुसरंच शरीर भेटलं. ते निरोगी होतं, आनंदी होतं आणि त्याला कसलीही लाज नव्हती.

इथून पुढची सगळी चित्रं म्हणजे या दोन शरीरांची झटापट आहे असं म्हटलं तरी चालेल.

आणि पोलीस आले

१९४९ हे वर्ष. ग्रुपचं मुंबईतलं प्रदर्शन जुलैमध्ये झालं, उद्घाटनाला लेखक मुल्कराज आनंद होते. पण त्याच वर्षी आणखी एका प्रदर्शनात सुझांची चित्रं लागली होती. त्यात एक होतं स्वतःचं नग्न व्यक्तिचित्र.

बाईचं नग्न चित्र लोकांना ठाऊक होतं. पुरुषानं आरशासमोर उभं राहून स्वतःलाच उघडं रंगवायचं, हे मात्र पचण्यासारखं नव्हतं. तक्रार झाली. चित्रं काढून टाकण्यात आली. पोलिसांनी अश्लील चित्रांच्या शोधात सुझांच्या घराची झडती घेतली.

इथं एक फरक समजून घेतला पाहिजे. नग्न चित्र काढण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, ते तर जे. जे. च्या अभ्यासक्रमातच होतं. वर्गात मॉडेल समोर बसवून काढलेलं उघडं शरीर अभ्यास ठरत होतं. गुळगुळीत, लाजरं, एखाद्या पौराणिक नायिकेच्या नावाखाली रंगवलेलं शरीर कला ठरत होतं. सुझांचं शरीर यातल्या कुठल्याच खणात बसत नव्हतं. ते थेट बघणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून उभं होतं.

त्या वर्षी सुझांनी जहाज पकडलं आणि ते लंडनला निघून गेले.

मागं राहिलेल्यांनाही याची झळ बसली. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींचं प्रदर्शन लागलं. त्यात ‘लव्हर्स’ नावाची चित्रं होती. ती काढा असं पोलिसांनी सांगितलं, पदमसींनी नकार दिला आणि त्यांना अटक झाली. खालच्या कोर्टात ते निर्दोष सुटले. सरकार अपिलात उच्च न्यायालयात गेलं आणि तिथंही हरलं. हुसेन तर पुढं कितीतरी वर्षांनी, २००६ मध्ये, देवतांच्या चित्रांवरून झालेल्या खटल्यांमुळं आणि धमक्यांमुळं देश सोडून गेले. २०११ मध्ये ते लंडनमध्येच वारले.

म्हणजे एकाच गोतावळ्यातले तीन चित्रकार, तिघांच्या मागं एकच आरोप, आणि हा सिलसिला चालला साठ वर्षं.

लंडनमधली उपासमार आणि अचानक आलेलं यश

लंडनमध्ये सुझांची कुणी वाट बघत नव्हतं. युद्धानं मोडलेलं शहर, तिथं एक अनोळखी गोवेकर चित्रकार. पहिली पाच-सहा वर्षं हलाखीत गेली. पत्नी मारियानं काम करून घर ओढलं, सुझांनी अधूनमधून पत्रकारिता केली. भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी थोडी मदत केली.

गाडी रुळावर आली १९५५ मध्ये, आणि तीही चित्रांमुळं नाही, लिखाणामुळं. कवी स्टीफन स्पेंडर ‘एन्काउंटर’ मासिकाचे संपादक होते. त्यांनी सुझांचा आत्मकथनपर लेख छापला, ‘निर्वाण ऑफ अ मॅगट’. स्पेंडरमुळं सुझांची गाठ पडली व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांच्याशी. मस्ग्रेव्ह लंडनमध्ये ‘गॅलरी वन’ चालवायचे. तिथं त्याच वर्षी सुझांचं प्रदर्शन लागलं आणि सगळी चित्रं विकली गेली.

जॉन बर्जर हे तेव्हाचे वजनदार कलासमीक्षक. त्यांनी सुझांबद्दल लिहिलं. हा माणूस कुठल्या परंपरेतला म्हणायचा हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं, पण चित्रांमधली ताकद त्यांनी मान्य केली. १९५६ मध्ये हॅरोल्ड कोव्हनर नावाचे श्रीमंत अमेरिकन संग्राहक भेटले आणि पुढची चार वर्षं त्यांनी सुझांना नियमित पैसे दिले. बदल्यात चित्रं घेतली.

पण हे शरीर इतकं वाकडं का?

सुझांचं चित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही. डोळे कपाळावर, अगदी केसांच्या रेषेजवळ सरकलेले. दातांचा करवतीसारखा जबडा. मानेत बाण घुसलेले. चेहऱ्यावर काळ्या जाड रेषांची आडवी-उभी जाळी. अंगात मात्र नीटनेटका सूट आणि टाय.

पाहणारा पहिल्यांदा विचारतो, याला नीट माणूस काढता येत नव्हता का?

येत होता. जे. जे. तल्या शिक्षणानं हात पक्का झाला होता. हे वाकडं करणं ठरवून होतं. चर्चमधला बाणांनी विंधलेला सेबास्टियन त्यांनी उचलला आणि त्याला सूट घातला. चित्राचं नाव ठेवलं ‘मिस्टर सेबास्टियन’. आता बाण लागलेला माणूस संत राहिला नाही, तो ऑफिसला जाणारा साहेब झाला. छळ सोसणारा की छळ करणारा, हे मात्र बघणाऱ्यानं ठरवायचं.

१९५५ चं ‘बर्थ’ हे चित्रही असंच. पलंगावर आडवी पडलेली गरोदर नग्न स्त्री, शेजारी पाद्र्यासारखा झगा घातलेला पुरुष आणि मागच्या खिडकीतून दिसणारं शहर. चर्चमध्ये येशूचा जन्म सोनेरी प्रभेत दाखवतात, इथं बाळंतपणाचं ओझं आहे तसं समोर आहे. याच चित्राचे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४० लाख डॉलरहून अधिक आले. १९५९ चं त्यांचं ‘क्रुसिफिक्शन’ आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुझांच्या नग्न स्त्रियांबद्दल आक्षेप आहेत आणि ते कस्टम्सच्या आक्षेपांपेक्षा फार वेगळे आहेत. अनेक अभ्यासकांना या चित्रांत स्त्रीबद्दलचा राग दिसतो, तिच्या शरीराकडं बघणारी आक्रमक पुरुषी नजर दिसते. ज्या मारियानं पडत्या काळात घर चालवलं तिच्यापासून ते दुरावले, पुढं आणखी संसार मांडले आणि मोडले. चित्रावर बंदी घालू नये म्हणणं वेगळं आणि चित्र टीकेच्या पलीकडं आहे म्हणणं वेगळं. पहिलं बरोबर आहे म्हणून दुसरं बरोबर होत नाही.

कात्री, डिंक आणि स्वप्नं

आता थोडं मागं जाऊ. सुझा जन्मले ते १९२४ हे साल युरोपातल्या कलेच्या दृष्टीनंही मोठं होतं.

त्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, बर्लिनमधल्या काही तरुण कलाकारांनी रंग बाजूला ठेवून कात्री उचलली होती. वर्तमानपत्रं आणि मासिकांतले फोटो कापायचे आणि भलतीकडंच चिकटवायचे. सेनापतीचं डोकं नर्तकीच्या अंगावर, बाळाच्या चेहऱ्यावर म्हाताऱ्याचे डोळे, पायांच्या जागी यंत्राची चाकं. याला नाव पडलं फोटोमोंताज. हाना होख ही त्यातली महत्त्वाची कलाकार. जॉन हार्टफील्ड यांनी पुढं याच तंत्रानं हिटलरची टर उडवली.

युद्धानं लाखो माणसांचे हातपाय तोडले होते. रस्त्यांवर लाकडी पाय लावलेले सैनिक दिसत होते. अशा वेळी अखंड, सुंदर शरीराचं चित्र खोटं वाटायला लागलं होतं. तुकडे जोडलेलं शरीर जास्त खरं वाटत होतं.

मग १९२४ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ यांनी अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. स्वप्नात जसं काहीही कशालाही जोडलं जातं, तसं कलेत झालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्याच वर्षी मॅन रे यांनी एका स्त्रीच्या पाठीच्या फोटोवर व्हायोलिनला असतात तशा दोन खाचा उमटवल्या आणि बाईचं वाद्य झालं. तो फोटो २०२२ मध्ये एक कोटी २० लाख डॉलरच्या वर विकला गेला.

या मंडळींचा एक खेळही होता. कागदाची घडी घालायची, एकानं डोकं काढायचं, दुसऱ्यानं ते न बघता धड काढायचं, तिसऱ्यानं पाय. घडी उलगडली की जो प्राणी तयार होईल तो माणूस. आपल्याकडं शाळेत मागच्या बाकावर असे खेळ सर्रास चालतात, त्यांनी त्याची कला केली.

सुझा या गटात कधीच नव्हते. त्यांचं नातं पिकासो, गोव्याची चर्चं आणि भारतीय मूर्तींशी जास्त. पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जे केलं ते या फोटोमोंताजच्या अगदी शेजारी जाऊन बसतं.

मासिकाचं पान आणि केमिकलची बाटली

१९६६ मध्ये सुझांनी लंडनमध्ये पूर्ण काळ्या रंगात रंगवलेली चित्रं मांडली. काळ्यावर काळं. तिरक्या उजेडात उभं राहिलं तरच आतला चेहरा किंवा शरीर दिसायचं. लोक गोंधळले. १९६७ मध्ये सुझा न्यूयॉर्कला राहायला गेले.

अमेरिका म्हणजे जाहिरातींचा देश. घरोघरी चकचकीत मासिकं. प्रत्येक पानावर हसणारी बाई, दाढी केलेला पुरुष, गाडी, सोफा, साबण. सगळी शरीरं गुळगुळीत आणि सगळी काहीतरी विकणारी.

सुझांनी ही पानं फाडली आणि त्यांच्यावर रसायन वापरायला सुरुवात केली. ही चित्रं केमिकल ऑल्टरेशन्स म्हणून ओळखली जातात.

तंत्र साधारण असं. छापील पानावरची शाई योग्य द्रावणानं विरघळते. द्रावण लावलं की फोटोतला चेहरा ओला होतो, रंग पसरायला लागतो. मग ब्रशनं ती छापील शाईच इकडची तिकडं ढकलायची, काही जागा पुसून पांढरी करायची, वर स्वतःच्या रेषा ओढायच्या. हसऱ्या मॉडेलचा जबडा लांबतो, डोळे कपाळावर चढतात, सोफ्याचा हात माणसाचा हात होतो. मूळ फोटो पूर्ण जात नाही. तो खालून डोकावत राहतो.

फरक बघा. बर्लिनवाले फोटो कापून तुकडे जोडायचे, म्हणजे जोड दिसायचा. सुझांना कात्री आणि डिंक लागला नाही. ते फोटोलाच वितळवायचे, त्यामुळं एक शरीर कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं हे सांगता येत नाही. फोटो खरं सांगतो या विश्वासावरच दोघांचा घाव होता. हत्यारं वेगळी होती, इतकंच.

यात एक व्यावहारिक बाजूही होती. मासिकाचं पान फुकटात मिळतं. न्यूयॉर्कमध्ये सुझांचं पूर्वीसारखं नाव राहिलं नव्हतं. लंडनमधले गिऱ्हाईक आणि समीक्षक मागं सुटले होते, अमेरिकेच्या कलाविश्वाला त्यांच्यात फारसा रस नव्हता. पण हात थांबला नाही. कॅनव्हास नसेल तर छापील पान, रंग नसेल तर छपाईचीच शाई.

ज्या माणसाला शाळेतून काढलं ते भिंतीवरची दुसऱ्याची चित्रं दुरुस्त केली म्हणून, तो म्हातारपणी दुसऱ्यांनी काढलेले फोटो दुरुस्त करत बसला होता.

शिवडीची दफनभूमी

उतारवयात सुझांच्या मुंबईच्या फेऱ्या वाढल्या. भारतात आधुनिक चित्रांचा बाजार हळूहळू जमायला लागला होता. हुसेन आणि रझा यांच्या नावाभोवती वलय होतं. ग्रुप उभा करणाऱ्या सुझांच्या वाट्याला ते तितकं आलं नाही.

२८ मार्च २००२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ७७. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं.

त्यानंतर सहा वर्षांनी, २००८ मध्ये, ‘बर्थ’ लिलावात पहिल्यांदा विक्रमी किमतीला गेलं. २०१५ मध्ये त्यानं स्वतःचाच आकडा मागं टाकला. किंमत वाढली तशी चित्रं परदेशातून भारतात परत यायला लागली. आणि परत येताना त्यांना वाटेत भेटलं कस्टम्स.

मग अश्लील कशाला म्हणायचं?

भारतात अश्लीलतेचा कायदा इंग्रजांच्या काळापासून आहे. भारतीय दंड संहितेचं कलम २९२ त्यासाठी होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २९४ झालं. कला, साहित्य, विज्ञान यांच्या हिताच्या गोष्टींना आणि प्राचीन स्मारकं, मंदिरं यांवरच्या शिल्पांना त्यात सूट आहे.

पण अश्लील म्हणजे नेमकं काय? फार वर्षं आपली न्यायालयं १८६८ च्या एका इंग्लिश निकालाची कसोटी लावायची. ज्याचं मन सहज बिघडू शकतं अशा माणसावर काय परिणाम होईल, ते बघायचं. म्हणजे सगळ्यात कच्च्या मनाच्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून सगळ्यांसाठी निर्णय. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही कसोटी बाजूला ठेवली. कलाकृती पूर्ण बघा, संदर्भ बघा आणि आजच्या समाजातल्या सर्वसाधारण माणसाच्या नजरेनं बघा, ही नवी दिशा ठरली.

२०२४ च्या निकालानं तेच धोरण चित्रांना लागू केलं. या कलाकारांचं स्थान काय, जाणकारांचं म्हणणं काय, याचा विचार न करता फक्त उघडं अंग दिसलं म्हणून शिक्का मारता येणार नाही.

आज हा प्रश्न चित्रकारांपुरता राहिलेला नाही. फोटोतलं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवायला आता कात्री लागत नाही आणि द्रावणही लागत नाही. मोबाईलमधलं ॲप काही सेकंदांत ते करतं. त्यातून धमाल मीम होतात, आणि त्यातूनच एखाद्या मुलीचा फोटो तिच्या नकळत भलत्याच शरीरावर लावून तिचं जगणं नकोसं केलं जातं.

अशा वेळी नग्नता दिसली की गुन्हा, ही फूटपट्टी अगदीच कामाची ठरत नाही. सुझांनी १९४९ मध्ये उघडं केलं होतं स्वतःचं शरीर, स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या सहीखाली. पुढं त्यांनी जी पानं वितळवली ती विकायला छापलेल्या जाहिरातींची होती. खरा प्रश्न असा विचारायला हवा की शरीर कुणाचं आहे, संमती कुणाची आहे आणि हानी कुणाची होते. या तीन प्रश्नांवर सुझांची चित्रं सुटतात, आणि मुलीचा मॉर्फ केलेला फोटो, त्यात एक इंचही अंग उघडं नसलं तरी, अडकतो.

साळगावच्या एका आईनं देवापुढं शब्द टाकला होता की मुलगा जगला तर चर्चला देईन. मुलगा जगला आणि चर्चमध्ये बघितलेलं शरीर आयुष्यभर रंगवत राहिला. नवस फिटला की राहिला, हे ज्यानं त्यानं ठरवावं. चार चित्रं मात्र कस्टम्सच्या ताब्यातून सुटली आहेत.